गव्हाशिवाय गोड : वड्या, लाडू आणि प्रसादाची ग्लुटेनमुक्त कृती

घरातल्या एखाद्या मुलाला डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला की पहिला प्रश्न पोळीचा येतो. तो लवकर सुटतो, कारण भात आहे, ज्वारीची भाकरी आहे. दुसरा प्रश्न सणावारी येतो आणि तो जास्त दुखतो. संक्रांतीला, दिवाळीला, पूजेच्या प्रसादाला त्या मुलाने हात मागे घ्यायचा आणि बाकीच्यांनी खायचे, हे आईबापांना आणि आजीला बघवत नाही. मग कोणीतरी म्हणते, ‘प्रसादाला नाही म्हणू नये, चिमूटभराने काय होतंय?’ त्या चिमूटभराने काय होते आणि ती चिमूट टाळूनही सगळे गोड कसे करता येते, याची माहिती सभासदांच्या घरी हाताशी असावी म्हणून आम्ही ती येथे एकत्र देत आहोत.

ग्लुटेन म्हणजे काय आणि पथ्य कोणाला

गव्हात असलेल्या विशिष्ट प्रथिनांना ग्लुटेन म्हणतात. कणीक पाण्याने मळली की ती ताणली जाते आणि तुटत नाही, ते या प्रथिनांमुळे. जव आणि राय या धान्यांतही त्यांची भावंडे असतात. सिलिअ‍ॅक हा आजार असलेल्या माणसाच्या शरीरात ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर झिजते आणि अन्नातले लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. मूल वाढत नाही, पोट फुगते, जुलाब होतात. मोठ्या माणसात कधी कधी औषधाने न हटणारा रक्तक्षय एवढेच लक्षण दिसते. यावर गोळी नाही. आयुष्यभर गहू, जव आणि राय वर्ज्य करणे हाच उपचार आहे.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला, त्या काळातल्या अनुभवाने त्याची खात्री पटत गेली. त्याचा प्रबंध १९५० साली आला. हा युरोपातल्या लोकांचा आजार आहे असे आपल्याकडे बरीच वर्षे समजत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या मोठ्या पाहणीत मात्र उत्तर भारतात शंभरात १.२३, ईशान्येकडे ०.८७ आणि दक्षिणेकडे ०.१० माणसांना तो आढळला. जिथे गहू जास्त खाल्ला जातो तिथे आजारही जास्त दिसतो.

येथे एक सूचना महत्त्वाची आहे. शंका आली म्हणून आधी गहू बंद करून मग तपासणीला जाऊ नये. टीटीजी नावाची रक्ततपासणी आणि गरज पडल्यास आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, या दोन्ही गहू चालू असतानाच खऱ्या निकालाच्या ठरतात. आधी डॉक्टर, मग पथ्य. ज्यांना असा आजार नाही त्यांनी केवळ ऐकीव माहितीवर गहू सोडण्याचे कारण नाही.

कशात आहे, कशात नाही

कणीक, मैदा, रवा, सोजी, दलिया, लापशी, शेवया, सोनपापडी, खारी, टोस्ट आणि नेहमीची बिस्किटे या सर्वांत ग्लुटेन आहे. खपली गहू पचायला हलका म्हणून पुष्कळजण सुचवतात, पण खपली हाही गहूच आहे आणि या पथ्यात चालत नाही. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासून केलेल्या असतात. माल्ट घातलेली चॉकलेटे आणि टॉफ्याही त्यामुळे वर्ज्य.

तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, कोदो, कुटकी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सर्व डाळी, बेसन, शेंगदाणे, तीळ, नारळ, दूध, खवा, तूप, साखर आणि गूळ यांत मुळात ग्लुटेन नाही. ही यादी वाचताना लक्षात येईल की आपला उपासाचा डबा जवळजवळ पूर्ण या बाजूला आहे. उपासाला गहू न खाण्याची आपली रीत या पथ्याला आयती उपयोगी पडते. घरात कोणाला सिलिअ‍ॅक निघाला तर नवीन काही शोधण्याआधी आजीला उपासाचे पदार्थ विचारावेत.

फसवणारी वस्तू म्हणजे हिंग. बाजारात मिळणारा बांधानी हिंग डिंक आणि पिठात कालवलेला असतो आणि ते पीठ बहुधा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. गोडात हिंग पडत नाही, पण दिवाळीच्या ताटात लाडवाशेजारी चिवडा आणि चकली असते. तांदळाच्या पिठात केलेला हिंग मिळतो, तो वेष्टन वाचून घ्यावा. बाजारच्या पेढ्यात आणि खव्यात पीठ मिसळले आहे का हे पाहायला टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकतात. निळा रंग आला तर पीठ आहे. मात्र ते गव्हाचे की अरारोटचे हे आयोडीन सांगत नाही, म्हणून पथ्याच्या माणसासाठी खवा घरीच आटवावा.

गोडाचे तीन गट

आपल्या गोडाच्या कृती तीन गटांत टाकल्या की कोणती बदलायची आणि किती, हे पटकन कळते. पहिल्या गटात पीठच नसते. दुसऱ्यात पीठ तुपावर भाजले जाते. तिसऱ्यात पीठ पाण्याने किंवा दुधाने मळून लाटले जाते. ग्लुटेनचे खरे काम फक्त तिसऱ्या गटात आहे, कारण पाणी लागल्याशिवाय त्याचा ताण तयार होत नाही. पहिल्या गटाला हात लावायचा नाही, दुसऱ्यात फक्त पीठ बदलायचे, आणि मेहनत तिसऱ्यासाठी राखून ठेवायची.

पहिला गट : पाकाचे पदार्थ

तिळगूळ, शेंगदाण्याची चिक्की, नारळाची वडी, आवळ्याच्या गोड फोडी, चिंचेच्या गोळ्या, राजगिऱ्याचे लाडू आणि संक्रांतीचा काटेरी हलवा हे सर्व जन्मतःच ग्लुटेनमुक्त आहेत. सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे आणि बाळाच्या बोरन्हाणाचे हलव्याचे दागिनेही यातच आले.

तिळाची वडी : एक वाटी तीळ खमंग भाजून घ्यावेत. पाऊण वाटी चिकीचा गूळ एक चमचा तुपावर मंद आचेवर वितळवावा. पाकाचा थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाकावा. मऊ गोळी वळली तर लाडू आणि मऊ वडी होईल. थेंब कडक होऊन कट्‌कन मोडला तर चिक्की होईल. तीळ, अर्धी वाटी दाण्याचे कूट आणि वेलदोडा घालून भराभर ढवळावे, तूप लावलेल्या ताटात थापून गरम असतानाच वड्या पाडाव्यात.

या गटात दोनच ठिकाणी लक्ष द्यावे लागते. चिक्की लाटताना पोळपाट-लाटण्याला पीठ लावू नये, तूप लावावे. आणि जो पोळपाट रोज कणकेचा आहे तो वापरूच नये. तुपाचा हात लावलेल्या दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये चिक्की उत्तम लाटली जाते.

दुसरा गट : भाजलेल्या पिठाचे पदार्थ

गूळपापडी : दीड वाटी ज्वारीचे पीठ आणि अर्धी वाटी शिंगाड्याचे पीठ घ्यावे. पाऊण वाटी तुपावर मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे भाजावे. लागेल तसे आणखी चमचा-दोन चमचे तूप सोडावे. शिंगाड्याचे पीठ लवकर रंग धरते, म्हणून ते ज्वारी निम्मी भाजून झाल्यावर घालावे. गॅस बंद करून दोन मिनिटे थांबावे, मग सव्वा वाटी किसलेला गूळ मिसळून ताटात थापावे. कढई आचेवर असतानाच गूळ घातला तर तो शिजतो आणि वडी दगडासारखी होते.

डिंकाचे लाडू : अनेक घरी यात कणीक भाजून घालतात. ती काढून तेवढेच राजगिऱ्याचे किंवा नाचणीचे पीठ घालावे. डिंक, खारीक, सुके खोबरे, खसखस आणि गूळ नेहमीप्रमाणे.

रव्याचे लाडू : रव्याऐवजी कुटकी घ्यावी. दोन वाट्या कुटकी धुऊन, कापडावर वाळवून, मिक्सरमधून बारीक रव्यासारखी काढावी. अर्धी वाटी तुपावर हलका रंग येईपर्यंत भाजावी. एक वाटी ओले खोबरे घालून आणखी पाच मिनिटे परतावे. सव्वा वाटी साखर आणि अर्धी वाटी पाण्याचा एकतारी पाक करून त्यात हे मिश्रण घालावे. गव्हाचा रवा तासाभरात मुरतो, कुटकीला दोन तास द्यावेत. मध्ये दोन-तीनदा ढवळावे आणि मग लाडू वळावेत. कोरडे वाटले तर गरम दुधाचा हबका मारावा, पण मग लाडू दोन दिवसांत संपवावेत.

बेसनाचे आणि मुगाचे लाडू यांना काहीच बदलावे लागत नाही, फक्त पीठ कुठे दळले ते पाहावे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

तिसरा गट : मळून लाटायचे पदार्थ

तांदळाचे पीठ गार पाण्यात मळले तर पारी तुटते. उकळत्या पाण्यात टाकले तर त्यातले पिष्ट शिजून चिकट होते आणि पारी धरून ठेवते. उकडीच्या मोदकात आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलो आहोत. ग्लुटेनची जागा उकड घेते, एवढे ध्यानात ठेवले की हा गट सोपा होतो.

शंकरपाळे : अर्धी वाटी दूध, एक तृतीयांश वाटी साखर आणि तीन चमचे तूप एकत्र उकळावे. त्यात एक वाटी तांदळाचे पीठ आणि पाव वाटी बेसन घालून ढवळावे, गॅस बंद करून दहा मिनिटे झाकावे. कोमट असताना चांगले मळावे, प्लॅस्टिकवर जाडसर लाटून कापावे आणि मंद आचेवर तळावे. साखर वाढवण्याचा मोह टाळावा. साखर जास्त झाली की अनारसा तुपात हसतो, तसेच हेही तेलात विरघळून पसरतात.

करंजी : तळणीची करंजी मैद्याशिवाय खुसखुशीत होणे कठीण आहे. कोकणात उकडीच्या करंज्या करतात, त्या कराव्यात. एक वाटी पाण्यात चमचाभर तूप आणि चिमूट मीठ घालून उकळावे, एक वाटी तांदळाचे पीठ घालून वाफ आणावी, मळून पारी लाटावी, नारळ-गुळाचे सारण भरून दहा-बारा मिनिटे वाफवावे.

गुलाबजाम : पाव किलो खव्याला तीन मोठे चमचे मैदा घालतो, त्या जागी तेवढेच अरारोट किंवा तिखूर घालावे. बाजारातल्या तयार मिश्रणात मैदा किंवा रवा असतो, ते घेऊ नये. आपल्याच राज्यात बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी खवा आणि अरारोटवर उभी आहे, त्यामुळे मैद्याशिवाय पाकातले गोड होते हे वेगळे सिद्ध करायला नको.

अनारसे तर मूळचेच तांदळाचे. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाळवून दळायचे आणि गुळात मळून ठेवायचे.

आपल्या भागात काय मिळते

ग्लुटेनमुक्त म्हणून शहरात महाग पाकिटे विकली जातात. उकव्यात राहणाऱ्याला त्यांची गरज नाही. बालाघाट जिल्हा मुळात भाताचा. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सुवासिक असल्यामुळे त्याची खीर आणि शिरा दोन्ही छान होतात. बैहरकडच्या बैगा आणि गोंड शेतकऱ्यांची कोदो-कुटकी आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले, त्यानंतर तिला शहरातही मागणी आली. तळ्यांतला शिंगाडा, जंगलातली चारोळी आणि मोहफुले आहेत. तिखूर म्हणजे रानहळदीच्या जातीच्या कंदाचे सत्त्व. ते दुधात किंवा पाण्यात साखर घालून आटवले की काचेसारखी वडी पडते. एक वाटी तिखूर चार वाट्या पाण्यात कालवून तासभर ठेवावे, निवळलेले पाणी ओतून टाकावे, पुन्हा चार वाट्या ताजे पाणी आणि एक वाटी साखर घालून सतत ढवळत आटवावे. मिश्रण पारदर्शक होऊन कढई सोडू लागले की ताटात ओतावे.

मोहफुलांचे लाडूही करून पाहण्यासारखे आहेत. वाळलेली फुले निवडून, आतले तुरे काढून, धुऊन कडक वाळवावीत. कढईत हलकी भाजून, भाजलेल्या तिळाबरोबर कुटावीत. फुलांचा गोडवा पुरतो, गूळ थोडाच लागतो.

कोदोबाबत एक खबरदारी घ्यावी. ओलाव्यात राहिलेल्या कोदोवर बुरशी धरते आणि ती विषारी असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बांधवगडला दहा हत्ती मेले, त्यांच्या पोटात या बुरशीचे विष सापडले. कोदो ओळखीच्या शेतकऱ्याकडून, कोरडी, वास घेऊन घ्यावी. काळपट दाणे टाकून द्यावेत.

गिरणी, कढई आणि चमचा

पदार्थात गहू नसला तरी गिरणीतून तो येतो. गावच्या पिठाच्या गिरणीत गव्हाच्या मागून तांदूळ किंवा हरभऱ्याची डाळ दळली तर जात्यात राहिलेली कणीक आपल्या डब्यात पडते. ती किती पडली तर चालते याचा हिशेब मांडून पाहू. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन चालते. कणकेत ग्लुटेन साधारण दहा टक्के धरले, तर ५ ग्रॅम कणकेत, म्हणजे लहान चमचाभरात, ५०० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. २० ने भागा. एक चमचा कणीक २५ किलो मिठाई मर्यादेपर्यंत आणून ठेवते. आपण घरी दोन किलो लाडू करतो. ‘चिमूटभराने काय होतंय’ या प्रश्नाचे उत्तर या आकड्यात आहे.

म्हणून पथ्याच्या घरी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. पीठ मिक्सरवर, घरच्या जात्यावर किंवा गहू न दळणाऱ्या घरघंटीत काढावे. तीन-चार कुटुंबांनी मिळून एक घरघंटी फक्त बिनगव्हाच्या धान्यासाठी ठेवली तर खर्च विभागला जातो.

२. चाळणी, पोळपाट, लाटणे आणि लाकडी उलथणे वेगळे ठेवावे. लाकडाच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ राहते, ते धुऊन जात नाही. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात.

३. पुऱ्या किंवा मैद्याचे शंकरपाळे तळलेल्या तेलात पथ्याचे तळू नये. पथ्याचे आधी तळावे, बाकीचे नंतर.

४. ज्या दिवशी पथ्याचे गोड करायचे त्या दिवशी ते सकाळी सर्वांत आधी करून, झाकून, नाव लिहून वरच्या फळीवर ठेवावे. कणीक मळताना उडालेले पीठ बराच वेळ हवेत राहते.

५. लाडवाच्या डब्याला स्वतःचा चमचा द्यावा. तोच चमचा दोन डब्यांत फिरला की सगळी मेहनत वाया जाते.

प्रसाद आणि मंडळाचे कार्यक्रम

घरी एवढे सांभाळणारी आई पूजेच्या ठिकाणी अडचणीत येते. सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे रव्याचा शिरा, आणि तो नाकारणे म्हणजे अपमान, असे मुलाला चारचौघांत ऐकवले जाते. याबाबत एक गोष्ट सर्वांनी लक्षात घ्यावी. सत्यनारायणाच्या कथेतच, पहिल्या अध्यायात, प्रसादासाठी गव्हाचे पीठ सांगून लगेच पुढे ते नसेल तर तांदळाचे पीठ घ्यावे असे म्हटले आहे. साखर नसेल तर गूळही चालतो. म्हणजे तांदळाचा शिरा ही कोणी काढलेली पळवाट नाही, पोथीनेच दिलेली मोकळीक आहे.

चिन्नोरचा शिरा : सव्वा वाटी तांदूळ धुऊन सावलीत कापडावर वाळवावा आणि मिक्सरमधून जाडसर रवा काढावा. सव्वा वाटी तुपावर मंद आचेवर गुलाबी भाजावा. दीड वाटी दूध आणि दीड वाटी पाणी एकत्र उकळून हळूहळू घालावे, झाकण ठेवून दोन-तीन वाफा आणाव्यात. दाणा बोटांत दाबून शिजल्याची खात्री झाल्यावरच सव्वा वाटी साखर घालावी, कारण साखर पडल्यावर तांदूळ पुढे शिजत नाही. पिकलेले केळे, वेलदोडा आणि चारोळी घालून शेवटची वाफ आणावी. सव्वाचे माप जसेच्या तसे राहते.

सामुदायिक पूजेत दोन प्रकारचे शिरे करून ‘हा त्याचा वेगळा’ असे दाखवण्यापेक्षा सगळ्यांसाठीच तांदळाचा शिरा करावा, असे आमचे मत आहे. खर्चात फरक नाही, चवीत तक्रार नाही आणि वाढणाऱ्याला विचारत बसावे लागत नाही. गणपतीच्या आरतीला पेढे, खोबरे, साखर-फुटाणे किंवा उकडीचे मोदक, हळदीकुंकवाला तिळाची वडी, कोजागिरीला आटीव दूध, अशी यादी आधीच ठरवून ठेवली तर वर्षाचा बहुतेक कार्यक्रम गव्हाशिवाय पार पडतो. वाढपाच्या टेबलावर बिनगव्हाचे पदार्थ एका टोकाला आणि गव्हाचे दुसऱ्या टोकाला ठेवावेत, मध्ये चमच्यांची अदलाबदल होऊ देऊ नये.

वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच की मुलाने नको म्हटले तर आग्रह करू नये, आणि ‘आमच्या वेळी असले आजार नव्हते’ हेही म्हणू नये. आजार तेव्हाही होते, तपासणी नव्हती. ज्यांच्या घरी हे पथ्य आहे त्यांनी कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी स्वयंपाकाची जबाबदारी असणाऱ्यांना सांगून ठेवावे. तांदूळ धुऊन वाळवायला एक दिवस लागतो, आणि तो दिवस आधी मिळाला की प्रसादाच्या रांगेत कोणालाही हात मागे घ्यावा लागणार नाही.